गणपती मंडळात नेत्यांचे फलक आणि कंपन्यांच्या जाहिराती शिरतात कुठून?

गणेशोत्सवात श्रद्धा, बाजार आणि राजकारण यांची सरमिसळ कशी होते आणि छोट्या मंडळाला ती टाळता येते का, असं तुम्ही विचारलंय.

सरमिसळ जुनीच आहे. 1893 नंतर टिळकांनी या उत्सवाला बळ दिलं ते राजकीय जागृतीसाठीच. 1905 च्या स्वदेशी चळवळीत मेळ्यांची, म्हणजे उत्सवात गाणाऱ्या पथकांची, पदं विलायती माल घेऊ नका असं गाऊन सांगत होती. म्हणून उत्सवात राजकारण नकोच, असं मी म्हणणार नाही. मंडळाचे निर्णय कोण घेतं, हे मात्र पाहायला हवं, आणि ते बरंचसं पैसा कधी हातात येतो यावर ठरतं.

मूर्तीची इसार रक्कम दोन-तीन महिने आधी द्यावी लागते. शाडूची मूर्ती पावसाळ्यात वाळायला वेळ घेते, तिथे तर आणखी आधी. मांडववाला, रोषणाईवालाही आगाऊ मागतो. वर्गणी मात्र शेवटच्या पंधरवड्यात गोळा होते. मधली ही तूट जो भरून काढतो, त्याच्या नावाची कमान मांडवापुढे लागते.

पैसा शिरण्याची दुसरी वाट जास्त घातक. ‘मांडवाचं बिल मी बघतो’ असं इच्छुक उमेदवार सांगतो आणि परस्पर देऊन टाकतो. ही रक्कम मंडळाच्या वहीत येतच नाही. पुढच्या वर्षी तो आला नाही की कार्यकर्त्यांना खरा खर्च किती होता हेच ठाऊक नसतं, मग दुसरा नेता शोधणं आलं.

उपाय असा. विसर्जनानंतरच्या हिशेबाच्या बैठकीतच पुढच्या वर्षीची इसार रक्कम बँकेत वेगळी ठेवा. एवढं एक जमलं तरी निम्मा दबाव जातो. मूर्ती, पूजा, मांडव, वीज, प्रसाद हा पक्का खर्च फक्त वर्गणीतून करा; देखावा आणि जादा रोषणाई जाहिरातींवर सोडा. जाहिरात मिळाली नाही तर देखावा लहान होईल, उत्सव अडणार नाही. प्रत्येक बिल मंडळाच्या नावानेच घ्या. कोणी परस्पर पैसे भरले तर तेवढी रक्कम त्याच्या नावाने जमा आणि ज्या कामासाठी भरली त्या कामाच्या खात्यात खर्च, अशी दोन्हीकडे लिहा. इतर वर्गणीदारांना देता तीच क्रमांकाची पावती नेत्यालाही द्या आणि त्याचं नाव त्यांच्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरात छापा.

कंपनीशी आकार, जागा, दिवस लेखी ठरवा. मूर्तीमागचा पडदा आणि आरतीची जागा कोणालाही देऊ नका, रक्कम कितीही असो.

मंडळाची नोंदणी नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांची, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 41क खालची परवानगी काढा. नंतर हिशेबही द्यावा लागतो. जाहिरातीचं उत्पन्न देणगीत मिसळू नका, तो सेवेचा मोबदला धरला जातो. वर्षाची अशी उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, तेव्हा करसल्लागाराला आधीच विचारा.