दिवे घाट, ऊन आणि एकादशी

प्रश्न : वय ५६. यंदा माउलींच्या पालखीसोबत पहिल्यांदाच निघतेय. पाऊस लांबला तर पुणे–सासवड टप्प्याचं ऊन झेपेल का?

उत्तर : ताई, सगळे घाटाला घाबरतात. मला विचाराल तर हडपसर ते वडकी हा सपाट डांबरी रस्ता जास्त छळतो. एकूण चाल तिसेक किलोमीटर, आणि त्या दिवशी बहुधा एकादशी. पहिल्या वर्षी मी कडक उपास धरला आणि नुसतं पाणी ढोसत राहिले. वडकीला पोटऱ्यांत गोळे आले, डोकं गरगरलं. दिंडीतल्या परभणीच्या आजींनी तोंडात उपासाच्या लिंबाच्या लोणच्याची फोड कोंबली, वर दोन शिव्याही दिल्या. घामाबरोबर मीठही जातं, ते भरायला हवं. एक लिटर पाण्यात सहा छोटे (चहाचे) चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ (उपासाला शेंदेलोण) घालून घोट-घोट प्या. पहाटेच निघा. नवी चप्पल नको. कुणी असंबद्ध बोलू लागलं तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वैद्यकीय पथकाला हाक मारा. बीपीची गोळी असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. ते बघायच्या निमित्ताने बसून घ्या. सासवडला दोन रात्री मुक्काम असतो, पाय तिथे शेकता येतील.