उपकार, एक्सेल शीट आणि फ्रीजरमधले ट्रे

ताई,
आम्ही मिनिआपोलिसजवळच्या एका उपनगरात राहतो. सोळा वर्षांचा मुलगा शाळेच्या ज्युनिअर संघातून आइस हॉकी खेळायचा. जानेवारीत मॅचमध्ये मागून धडक बसली आणि तो रिंकभोवतीच्या बोर्डच्या भिंतीवर डोक्यानं आदळला. मानेचा मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली. हात थोडे हलतात, पाय नाही. तेव्हापासून सगळं गाव आमच्या दारात आहे. मुलांनी हेल्मेटवर त्याच्या नंबरचे स्टिकर लावलेत, ऑनलाइन निधी सुरू झालाय, रविवारी त्याच्यासाठी पॅनकेक ब्रेकफास्ट आहे. फ्रीजर हॉटडिशच्या, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या इथल्या एका पदार्थाच्या, ट्रेंनी भरलाय. त्यात बीफ असतं, आम्ही खात नाही, पण सांगायची लाज वाटते. मिस्टर म्हणतात, आपण कधी कुणापुढे हात पसरला नाही. कुणी किती दिलं आणि परत कधी करायचं, याची त्यांनी एक्सेल शीट केली आहे. सांगलीहून सासूबाई रोज फोन करून विचारतात, कशाला घातलंत त्या खेळात. धाकटी अकरा वर्षांची आहे, ती बहुतेक शेजाऱ्यांकडेच जेवते. मुलगा एकदाच म्हणाला, ‘माझे फोटो लावू नका म्हणावं.’ मला हे उपकार झेपत नाहीत. लोकांना नाही कसं म्हणू?
– एक आई

प्रिय मैत्रिणी,

नाही म्हणूच नका. पण जे येतंय ते सगळं आत्ताच घेऊही नका.

आधी तुमच्या मिस्टरांबद्दल. आपल्याकडे कुणी दवाखान्यात पडलं की डबा जातो. त्याचे पैसे कुणी देत नाही, पण डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, एवढं आपण पाळतो. तुमच्याकडे येणारे ते फॉइलचे ट्रे परत करायचेच नसतात, तिथे पंचाईत झाली आहे. ती एक्सेल शीट म्हणजे साखर घालायची धडपड आहे. तिच्यावरून भांडू नका. ज्या बापाला मुलासाठी दुसरं काहीच करता येत नाहीये, तो आकडे मांडत बसला आहे. त्यांना आकड्यांचंच काम द्या. काय ते पुढे सांगते.

मला आत्ताच्या गर्दीची चिंता नाही, ती ओसरल्यानंतरची आहे. मार्चमध्ये शाळांचा हॉकीचा हंगाम संपतो. तुमचा मुलगा रिहॅबमधून घरी येईल तेव्हा संघातली निम्मी पोरं बेसबॉलच्या मैदानावर असतील. त्यात कुणाचा दोष नाही. पण खरं काम तेव्हाच सुरू होणार आहे. रात्री उठून कूस बदलायची, कंबरेवर, टाचेवर कुठे लाल चट्टा उठलाय का बघायचं, अंथरुणातून व्हीलचेअरवर घ्यायचं, पुन्हा निजवायचं. रिहॅबमध्ये हे घरच्यांना शिकवतात. त्या वर्गाला तुमच्याबरोबर आणखी दोघांना बसू देतील का, हे विचारा, आणि ज्यांची साथ टिकेल असं तुमचं मन सांगतं असे संघातले दोन पालक निवडा. रोज ट्रे आणणाऱ्या दहा घरांपेक्षा हे दोघं जास्त उपयोगी पडतील.

मग एक हॉकी मॉम, म्हणजे संघातल्या कुणा मुलाची आई, ठरवा, शक्यतो थोडी करड्या स्वभावाची. सगळे फोन, सगळे निरोप तिच्याकडे. तिला सांगा: जेवण आठवड्यातून दोनदाच, त्यात बीफ नको, आणि उरलेल्यांनी पुढच्या तारखा द्यायच्या. जूनमधला एक शनिवार, ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीचा आठवडा, नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला की रॅम्प साफ करायची पाळी. लोकांना काहीतरी करायचं असतं आणि काय करावं ते कळत नसतं, म्हणून तर हॉटडिश येते. बीफचं सांगायची लाज कसली? तिथल्या बायका हे ऐकून दुखावत नाहीत, फार तर पुढच्या वेळी चीज वाढवतात.

आता पैसे. एवढा भाग मिस्टरांना मोठ्यांदा वाचून दाखवा. निधी मुलाच्या नावावर घेऊ नका. अपंगांना मिळणाऱ्या एसएसआय या केंद्र सरकारच्या मदतीला मालमत्तेची मर्यादा आहे, एका माणसाला अवघी २,००० डॉलर. मुलगा अठराचा झाला की तुमची मिळकत धरत नाहीत, त्याच्या स्वतःच्या नावावर काय आहे ते बघतात. तिथे लोकांनी दिलेले लाखभर डॉलर पडलेले असले तर ते संपेपर्यंत दार बंद. म्हणून स्पेशल नीड्स ट्रस्ट काढतात, म्हणजे पैसा मुलाच्या नावावर न ठेवता त्याच्यासाठी सांभाळणारा ट्रस्ट. एबल नावाचं खातंही असतं, त्यातले पहिले एक लाख डॉलर एसएसआयसाठी मोजत नाहीत. मिनेसोटात टेफ्रा म्हणून सोय आहे, त्यात अपंग मुलाच्या मेडिकल असिस्टन्सला, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याला, आईबापांचा पगार आडवा येत नाही. तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात ते लिहिलेलं नाही. यातलं काय लागू होईल ते त्यावर ठरेल, तेव्हा वकिलाला पहिलं तेच सांगा. शिवाय मुलगा शाळेकडून खेळत होता, तर गंभीर इजेचा विमा आहे का, हे शाळेला लेखी विचारा. तोंडी नाही.

जमा झालेला पैसा कुणीतरी कायद्यानं सांभाळावा लागतो. कॅनडात ६ एप्रिल २०१८ ला हम्बोल्ट ब्रॉन्कोस या ज्युनिअर हॉकी संघाच्या बसचा अपघात झाला, सोळा जण गेले, तेरा जखमी झाले. लोकांनी दीड कोटी कॅनडियन डॉलरहून जास्त दिले, आणि त्याचं वाटप शेवटी सस्कॅचवान प्रांताच्या कोर्टाच्या देखरेखीखाली झालं. अंतिम मंजुरीला नोव्हेंबर उजाडला. म्हणजे मिस्टरांच्या शीटला भरपूर काम आहे, फक्त ‘परत कधी’ हा रकाना काढून तिथे ‘कशासाठी खर्च’ लिहायचं. परतफेड मनाला डाचतच असेल तर त्यांना ट्रॅव्हिस रॉय या हॉकीपटूबद्दल वाचायला सांगा. १९९५ मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीकडून पहिल्याच सामन्यात, बर्फावर उतरून अकरा सेकंद होतात तोच तो जायबंदी झाला. पुढे त्याच्या नावाच्या फाउंडेशननं मज्जारज्जूला इजा झालेल्या कितीतरी लोकांना लागणाऱ्या साधनांसाठी पैसे दिले. देणाऱ्यांना त्यानं काही परत केलं नाही.

तुमच्या मुलाचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या मिनेसोटातलाच जॅक जॅब्लोन्स्की, तोही सोळाचा, ३० डिसेंबर २०११ ला ज्युनिअर सामन्यात मागूनच धडक बसून पांगळा झाला. जानेवारी २०१२ मध्येच राज्याच्या शालेय लीगनं मागून धडक देणं, बोर्डवर आदळवणं आणि डोक्यावर मारा करणं याला थेट पाच मिनिटांची पेनल्टी लावली. जॅक लोकांसमोर आला, त्याच्या नावानं फाउंडेशन निघालं. तुमच्या मुलाला आज तसं व्हायचं नाहीये. कदाचित कधीच होणार नाही. फोटो आज काढून टाकायला सांगा, निधीच्या पानावरचाही. पैसे थोडे कमी जमतील, जमू देत. यापुढे त्याच्याबद्दल बाहेर जाणारी ओळ आधी त्याला वाचून दाखवायची. त्याच्या हातातून एका दिवसात इतकं गेलंय, निदान हा नकाराधिकार राहू दे.

ज्यानं धडक दिली त्या मुलाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. लिहू नका. त्याच्या घरचे भेटायचं म्हणाले तर मुलगा ‘या’ म्हणेल तेव्हा.

सासूबाईंचा फोन दिवसाआड मिस्टरांनी घ्यावा. त्यांची आई आहे.

तुम्ही मागितलेलं नाही, पण धाकटीबद्दल बोलते. तिच्या वाट्याला पत्रात एक ओळ आली आहे, आणि घरातही तेवढंच येत असावं. शेजारी चांगले आहेत, पण पोर दुसऱ्याच्या टेबलावर बसून जेवताना फार शहाण्यासारखी वागते, आणि ती शहाणपणाची सवय मला बघवत नाही. गावाची मदत खरी वापरायची तर इथे वापरा: आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या दोन पालकांपैकी एकजण मुलाजवळ बसेल, आणि तुम्ही घरी जाऊन धाकटीसाठी वरणभात लावाल. तिला भावाला भेटायला न्याल तेव्हा परिचारिकेला आधी सांगा म्हणजे नळ्या आणि कॉलर कशासाठी आहेत ते ती समजावून देईल. तेवढ्यात तुम्ही बाहेर जाऊन चहा प्या.

पॅनकेक ब्रेकफास्ट रविवारी आहे. चेक कुणाच्या नावानं घ्यायचे, हे त्याआधी ठरायला हवं, तेव्हा वकिलाला फोन शुक्रवारी दुपारपर्यंत झालाच पाहिजे. नंबर त्या हॉकी मॉमला मागा. तिला कुणीतरी वकील माहीत असतोच.

– ताई