फुकट हेडफोन आणि अ‍ॅफिलिएट लिंक: वाचकांना किती सांगायचं?

तुम्ही विचारलंय: ब्लॉगवर हेडफोन-स्पीकरची परीक्षणं लिहिता, एक कंपनी हेडफोन फुकट पाठवायला तयार आहे, अ‍ॅफिलिएट लिंकमधूनही, म्हणजे वाचकाने ज्या लिंकवरून खरेदी केली की तुम्हाला वाटा मिळतो त्यातूनही, थोडं कमिशन येतं. तर लेखाच्या तळाशी एक ओळ टाकून भागेल का? आणि रक्कम सांगावी लागते का?

तळाशी टाकून भागणार नाही. रकमेचा आकडा मात्र सांगायची गरज नाही.

लेख शेवटपर्यंत किती जण वाचतात हे तुम्हालाही माहीत आहे. लिंकवर बोट जायच्या आधी वाचकाला व्यवहार कळला पाहिजे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) शिफारशींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २००९ साली सुधारली तेव्हा ब्लॉगरही त्यात आले, आणि फुकट वस्तूही धरली गेली. भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी काढलेल्या सूचनांचा रोखही तोच आहे. मी पहिल्या परिच्छेदाच्या आधीच लिहितो, साध्या भाषेत:

'हा हेडफोन कंपनीने फुकट दिला. लिहिण्याचे पैसे घेतलेले नाहीत. मजकूर त्यांनी आधी पाहिलेला नाही. खालच्या लिंकवरून घेतलात तर मला कमिशन मिळतं.'

'कोलॅब', 'स्पॉन' असले अर्धवट शब्द नकोत. ज्याला कळायला हवं त्यालाच ते कळत नाहीत.

पण खुलासा टाकला की आपण सुटलो, असं समजू नका. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टीन आणि डॉन मूर या संशोधकांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बरणीत नाणी. एकाने ती दुरून पाहून किमतीचा अंदाज करायचा, दुसऱ्याने जवळून पाहून त्याला सल्ला द्यायचा. काही सल्लागारांना समोरच्याचा अंदाज जितका चढा, तितका मोबदला जास्त. हा हितसंबंध उघड केला तेव्हा सल्लागारांनी आकडे आणखीच फुगवले, आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून पुरेसं वजा केलं नाही. 'सांगितलंय ना, आता त्याचं तो बघेल' ही भावना असं काम करते. म्हणून खुलासा लिहून झाला की मी परीक्षण पुन्हा वाचतो. वस्तू स्वतःच्या पैशाने घेतली असती तर कुठलं वाक्य लिहिलं नसतं, ते शोधतो. बहुतेक वेळा एखादं विशेषण तरी उडतं.

त्याहून अवघड भाग म्हणजे विषयांची निवड. 'जुनाच हेडफोन वापरा, नव्यात विशेष काही नाही' या लेखावर कमिशन नाही. ज्या कंपनीचा अ‍ॅफिलिएट कार्यक्रमच नाही, तिची चांगली वस्तू हळूहळू यादीतून गळते. यात खोटं एक अक्षरही नसतं, आणि कुठल्याही लेखावरचा खुलासा ते पकडू शकत नाही. यावर मला एकच उपाय दिसतो: 'ब्लॉगचा खर्च कसा चालतो' असं स्वतंत्र पान ठेवा. जाहिराती, अ‍ॅफिलिएट, वाचकांची मदत, सल्ल्याची कामं यांतून साधारण किती हिस्सा येतो, ते वर्षातून एकदा तिथे लिहा. टक्केवारी पुरे. निम्म्याहून जास्त उत्पन्न एकाच कंपनीकडून येत असेल, तर ते वाचकाला कळायलाच हवं, नावासकट.

फुकट हेडफोन घ्या, त्यात गैर काही नाही. पण आधी मेलवर दोन गोष्टी लेखी घ्या: मसुदा दाखवणार नाही, आणि नावडला तर तसं छापेन. 'प्रसिद्ध करण्यापूर्वी आमच्या टीमला एकदा पाहू द्या' असं उत्तर आलं, तर ते परीक्षण राहत नाही, जाहिरात होते. मग जाहिरातीचे पैसे मागा आणि वर ठळक 'जाहिरात' लिहा, किंवा सरळ नाही म्हणा. मी नाहीच म्हणतो, पण ती माझी आवड.

पैसे घेऊन दिलेल्या लिंकला पानाच्या कोडमध्ये rel="sponsored" ही खूण लावा. गुगलने तो २०१९ मध्ये आणला. तो सर्च इंजिनसाठी आहे, वाचकाला दिसत नाही, त्यामुळे वरचा खुलासा त्याने टळत नाही. जुन्या लेखांत नंतर अ‍ॅफिलिएट लिंक घातल्या असतील तर तिथेही खुलासा टाका, तारखेसह, म्हणजे मूळ मत कमिशनच्या आधीचं होतं हेही वाचकाला समजेल.