चालू क्लोजरमध्ये नवी केबल घालताना

प्रश्न : आमच्या खांबावरच्या डोम क्लोजरमध्ये (केबलचे जोड ठेवायच्या बंद डब्यात) २४ कोअरची, म्हणजे काचेच्या २४ तंतूंची ऑप्टिकल फायबर केबल येते आणि तिथून पुढे जाते. प्रत्येक ट्यूबमध्ये ६ कोअर. निळी आणि नारिंगी ट्यूब चालू आहे. हिरवी आणि तपकिरी न कापता आत गुंडाळून ठेवली आहे. शेजारच्या वाडीसाठी याच क्लोजरमधून १२ कोअरची केबल काढायची आहे. चालू कोअरवर दोनशेच्या वर घरं आणि एक बँक आहे. लाइन न पाडता हे जमेल का?
— एक केबलचालक, संगमेश्वर तालुका

उत्तर : जमेल. नवे बारा जोड हा यातला सोपा भाग आहे. अशा कामात लाइन पडते ती बहुतेक वेळा जागचे हललेल्या जुन्या कोअरमुळे. म्हणून सगळी आखणी एकाच हिशेबाने करा: डोम उघडा राहण्याचा वेळ कमी, आणि जुन्या ट्रेला (जोड ज्यात मांडलेले असतात त्या ताटलीला) लागणारे हात त्याहून कमी.

सगळ्यात आधी ‘मोकळी’ ट्यूब खरंच मोकळी आहे का ते बघा. तुमच्याकडे ती कापलेली नाही, म्हणजे ऑफिसपासून पुढच्या जॉइंटपर्यंत ती अखंड आहे. पुढे कुणीतरी घाईत हिरव्यातला एखादा कोअर चालू करून ठेवतो आणि वहीत नोंद करायची राहते. ऑफिसच्या ओडीएफवर (सगळे कोअर जिथे येऊन संपतात त्या पॅनेलवर) या १२ कोअरची टोकं सुटी आहेत का, हे फोनवर विचारू नका, माणूस पाठवून बघा.

सामान खांबाखाली जमेपर्यंत क्लोजरला हात लावू नका. केबलच्या जाडीला बसेल अशी श्रिंक नळी (गरम केली की आखडून केबलला चिकटणारी), केबलमधली दांडी धरणारा क्लॅम्प, जोडांवर चढवायच्या ६० मिलिमीटरच्या १२ स्लीव्ह (वर ४-५ जास्तीच्या), अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी, पॉलिश पेपर, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि त्याच मॉडेलचा एक रिकामा ट्रे. दुसऱ्या कंपनीचा ट्रे ‘बसतो’ असं दुकानदार सांगेल; बसतो, पण त्याची बिजागरी जुळत नाही आणि तो उघडताना खालचा ट्रे ओढतो.

चालू कोअरवरच्या सर्वांत लांबच्या पाच-सहा घरांच्या ओएनयूची (घरातल्या फायबरच्या डबीची) पॉवर आणि त्याच ओएनयूची ओएलटीवर (ऑफिसातल्या मुख्य यंत्रावर) दिसणारी पॉवर, दोन्ही आकडे लिहून घ्या. बँकेचा तर हवाच. बी प्लस या पॉवर-वर्गाचा ओएनयू उणे २७ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे उजेडाच्या पॉवरचं माप) चालतो. कुणी आधीच उणे २६ वर असेल तर त्या घराला सव्वा डीबीचाही धक्का सोसणार नाही, हे चढण्याआधी माहीत असलेलं बरं.

वेळ म्हणाल तर रात्रीचे अकरा आम्ही सुचवणार नाही. रात्री वापर कमी असतो हे खरं, पण पिवळट टॉर्चमध्ये करडा आणि पांढरा, गुलाबी आणि फिकट लाल यांत गल्लत होते. पहाटे उजाडताच सुरू करा. नऊच्या आत आटपतं. क्लोजरला दोन्ही बाजूंनी १०-१५ मीटरची गुंडाळी सोडलेली असेल तर क्लोजर खाली टेबलावर घ्या. गुंडाळी सोडवताना केबलला पीळ पडू देऊ नका, आलेल्या दिशेनेच उलटी फिरवा.

आता नव्या केबलचं जेवढं काम बाहेर होईल तेवढं बाहेरच उरका. पहिलं काम श्रिंक नळी केबलवर सरकवण्याचं. हसू येईल, पण सगळी केबल सोलून, पुसून झाल्यावर नळी पिशवीतच राहिल्याचं लक्षात येणं नेहमीचं आहे. मग साधारण सव्वा ते दीड मीटर जॅकेट काढा, पिवळा धागा कापा, मधली एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकची) दांडी ६-७ सेंटिमीटर ठेवून बाकीची तोडा, ट्यूबवरची जेली पुसा. दांडी आखूड करून क्लॅम्पमध्ये न पकडता तशीच सोडली तर उन्हाने केबल ताणली-आखडली की दांडी आत सरकते, ट्यूबला ढकलते आणि काही महिन्यांनी ट्रेमधला कोअर वाकतो. तेव्हा दोष ‘आपोआप’ आल्यासारखा वाटतो.

डोमवरचा चिखल कोरड्या फडक्याने पुसून मगच क्लॅम्प सोडा. ट्रे पट्ट्याने बांधलेलेच राहू द्या. ओव्हल पोर्टमध्ये जुनी केबल येऊन-जाऊन बसली आहे, ते पोर्ट विसरा. नव्या केबलला गोल पोर्ट वापरा. त्याचं बंद टोक हॅक्सॉने कापण्यापूर्वी ट्रेवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि पोर्टचं तोंड खाली धरा. करवतीचा बारीक भुसा ट्रेमध्ये शिरला की कोअरखाली खडा ठेवल्यासारखा काम करतो. कापलेली कड आतून-बाहेरून घासून गुळगुळीत करा.

केबल आत घेऊन दांडी क्लॅम्पमध्ये घट्ट करा, मगच श्रिंक. केबलचा भाग पॉलिश पेपरने घेराभोवती गोल घासा, लांबीत नाही. लांबीत पडलेला प्रत्येक ओरखडा म्हणजे पाण्याची नाली. नळीचं टोक जिथे येणार तिथे केबलवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी गुंडाळा, म्हणजे जॅकेट भाजत नाही. शेजारच्या जुन्या केबलींवरही एक पत्रा किंवा ओला नसलेला जाड कपडा धरा. गॅसच्या बत्तीऐवजी हॉट एअर गन, सुरुवात पोर्टच्या बाजूने, हात सतत फिरता. दोन्ही टोकांतून आतला डिंक किंचित बाहेर डोकावला की पुरे. त्यानंतर हाताला कोमट लागेपर्यंत केबल हलवायची नाही. या वेळात स्प्लायसरचं (कोअर वितळवून जोडणाऱ्या यंत्राचं) आर्क कॅलिब्रेशन करून घ्या.

नवा ट्रे सगळ्यात वर. नव्या ट्यूब बिजागरीपाशी टायने बांधताना टाय एवढा सैल ठेवा की ट्यूब त्यात सरकेल. हिरव्या-तपकिरीच्या गुंडाळीची ऑफिसकडची बाजू टेपने खूण करून ठेवा. ट्यूबचं आवरण मध्यावर गोल कापून काढा, आतले कोअर मात्र एकदम कापू नका. आधी प्रत्येक कोअरवर फायबर आयडेंटिफायर लावा. हे यंत्र कोअर किंचित वाकवून सांडलेला उजेड पकडतं. म्हणून ते चालू ट्यूबवर ‘बघू तरी’ म्हणून लावायचं नाही. मग एकच कोअर कापा, ऑफिसातून लाल लाइट सोडायला सांगा आणि तो अपेक्षित टोकातून येतो का बघा. आला की बाकीचे कापा. ऑफिसकडची टोकं नव्या केबलला जोडा. पुढे जाणारी टोकं किमान मीटरभर लांब ठेवून ट्रेमध्ये गुंडाळून ठेवा, पुढेमागे लागतील.

जोडताना स्लीव्ह आधी, मग सोलणं, पुसणं, क्लीव्ह (टोक सरळ तोडणं). स्प्लायसर ०.०५ डीबीच्या वर दाखवत असेल तर तोडून पुन्हा करा. ट्रेमध्ये वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. तुमच्या नव्या केबलमध्ये ३० पेक्षा लहान वळण सोसणारा जी.६५७ कोअर असला, तरी त्याच ट्रेमध्ये जुना जी.६५२ आहे.

डोम बसवून क्लॅम्प लावा आणि सामान आवरण्याआधी सकाळचे ते आकडे पुन्हा तपासा. डोम उघडा असताना तपासून उपयोग नाही. चिमटा बसतो तो डोम बंद करतानाच.

प्रश्न : नवी केबल जोडून क्लोजर बंद केला. नव्या लाइन व्यवस्थित आहेत, पण जुन्यांपैकी आठ-दहा घरांची पॉवर उणे २१ वरून उणे २४ झाली. आम्ही तर त्या जोडांना हातही लावला नव्हता.
— स्प्लायसिंग करणारा, बार्शी

उत्तर : जोडांना नसेल लावला, ट्रे उचलला होता ना? ओटीडीआर (कोअरमध्ये पल्स सोडून दोष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) काढण्यापूर्वी एक सोपी तपासणी आहे, लाइन न पाडता होणारी. जीपॉनमध्ये (घरोघरी फायबर नेणाऱ्या तुमच्या या पद्धतीत) घराकडे येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून परत जाणारा १३१० चा. वाकलेला कोअर जास्त तरंगलांबी जास्त सांडतो. घरच्या ओएनयूवर ३ डीबी गेले आणि ओएलटीवर त्याच ओएनयूची पॉवर जेमतेम अर्ध्या डीबीने बदलली असेल, तर कोअर कुठेतरी वाकला आहे. दोन्हीकडे सारखंच घटलं असेल तर जोड बिघडला आहे किंवा कनेक्टर मळला आहे. म्हणून तर आधीचे आकडे दोन्ही टोकांचे हवेत.

आठ-दहा घरं एकाच वेळी घटली म्हणजे बहुधा स्प्लिटरच्या (एका कोअरचा उजेड अनेक घरांत वाटणाऱ्या भागाच्या) आधीचा एकच कोअर आहे. तो कोणता हे चार्टवर शोधा, मगच डोम काढा. मग बघायच्या जागा ठरलेल्या: बिजागरीपाशी ट्यूबला पडलेली घडी, नव्याने आवळलेला टाय, ट्रेच्या झाकणाखाली अडकलेला एखादा वेढा, आणि डोमच्या कडेला घासणारी ट्यूब. ट्यूबला घडी पडून पांढरी रेघ उमटली असेल तर ती सरळ करून भागत नाही. आत कोअर तुटलेला नसतो, पण ट्यूब त्या ठिकाणी पुन्हापुन्हा दुमडते. टाय सोडा, वेढा मोठा करा, ओएनयूचा आकडा फोनवर बघत बघत. हे करताना दुसऱ्या माणसाने ट्रे नुसता धरून उभं राहायचं, दुसरं काही करायचं नाही.

प्रश्न : नव्या जोडाचा ओटीडीआरवर लॉस उणे दिसतो. जोडाने उजेड वाढतो का?
— वाचक, सांगली

उत्तर : वाढत नाही. ओटीडीआर परत येणारा विखुरलेला उजेड मोजतो. नव्या कोअरचा मोड फील्ड व्यास (कोअरमध्ये उजेड जेवढ्या रुंदीत पसरतो ती) जुन्यापेक्षा लहान असला की नवा कोअर जास्त उजेड परत पाठवतो आणि आलेख वर चढतो. दुसऱ्या टोकाकडून मोजा, सरासरी काढा. एकीकडून उणे ०.०८ आणि दुसरीकडून ०.१४ आलं तर जोडाचा खरा लॉस ०.०३ डीबी. एकाच बाजूच्या ०.१४ वर विसंबून चांगला जोड तोडणारे बरेच आहेत. आणि हे मोजमाप नव्या, बंद कोअरवरच करा. चालू कोअरवर १३१० किंवा १५५० चा पल्स सोडू नका. तिथे फिल्टर असलेला १६५० नॅनोमीटरचा ओटीडीआर लागतो.

प्रश्न : दोन पावसाळे आमच्या क्लोजरमध्ये पाणी निघालं. दोन्ही वेळा रबरी रिंग बदलली.
— केबलचालक, पेण

उत्तर : मग रिंग निर्दोष असावी. पाणी बहुधा नंतर घातलेल्या केबलच्या पोर्टमधून येतं. केबल आठाच्या आकाराची, म्हणजे तार चिकटलेली असेल, तर तार वेगळी करताना जॅकेटवर एक उभा कंगोरा राहतो. तो पात्याने तासून गोल केला नाही तर श्रिंकच्या आत दोन्ही बाजूंनी बारीक पोकळी राहते. दुसरी शक्यता ओव्हल पोर्टची: दोन केबलींच्या मधल्या फटीत क्लिप घातली नसेल तर तिथला डिंक जुळतच नाही. क्लोजरला व्हॉल्व असेल तर त्याच्या कागदावर दिलेल्या दाबाइतकीच हवा भरा, ब्रशने साबणाचं पाणी प्रत्येक पोर्टवर लावा आणि बुडबुडा शोधा. ओव्हल पोर्टवर जरा थांबून बघा, तिथला बुडबुडा उशिरा फुगतो. खांबावर डोम वर आणि पोर्ट खाली ठेवा, आणि केबल पोर्टपर्यंत खालून वळसा घेऊन चढू द्या म्हणजे पाणी वळशालाच गळून पडेल.

प्रश्न : जेली काढायला पेट्रोल चालतं का? आणि हँड सॅनिटायझर?
— शिकाऊ तंत्रज्ञ, नाशिक

उत्तर : दोन्ही नाही. पेट्रोलचा तेलकट थर कोअरवर राहतो, रंग उतरू शकतो, आणि तुम्ही हॉट गनच्या शेजारी बसला आहात. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरिन असतं. जेलीसाठी जेल रिमूव्हर, शेवटचा हात अल्कोहोलचा.

प्रश्न : चालू कोअर तुटला तर टोकाकडे बघून उजेड आहे का कळेल?
— वाचक, कुडाळ

उत्तर : कळणार नाही, कारण १३१०, १४९० आणि १५५० नॅनोमीटरचा उजेड दिसतच नाही. त्याच कोअरवर केबल टीव्हीचा १५५० चा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर तिथली पॉवर २० डीबीएमच्या आसपास, म्हणजे १०० मिलिवॅट असू शकते. डोळ्याला इजा करायला ती भरपूर आहे. पॉवर मीटर लावा. तोडलेले तुकडे चिकटपट्टीवर किंवा झाकणाच्या डबीत टाका, पँटला पुसू नका.