जिमनीचे फ्रंट आर्म बदलायचे, पण पैसे कुठून?

प्रश्न : मी ३६ वर्षांचा आहे. धायरीत राहतो, भोसरीत नोकरी करतो. हातात महिना १,०५,००० रुपये येतात. पत्नी शाळेत शिकवते, तिचे ३२,०००. मुलगी सहा वर्षांची. घरकर्ज ३४ लाख बाकी असून हप्ता ३८,५०० आहे. पाच दरवाजांच्या मारुती जिमनी या फोर बाय फोर गाडीचा हप्ता १७,२००, अजून अडीच वर्षं. घरखर्च ५२,०००, मुलीसाठी एसआयपी १५,०००. एफडीत ३,२०,००० आहेत. टर्म विमा ५० लाखांचा, आरोग्य विमा कंपनीचा. आम्ही मित्र सुट्टीच्या दिवशी वेल्हे, भोर, वरंध घाटाच्या बाजूला कच्च्या वाटांवर गाड्या घेऊन जातो. मला गाडी दोन इंच लिफ्ट, म्हणजे उंच, करायची आहे. कोटेशन २,४०,००० चं आलं : स्प्रिंग आणि शॉकअप ८५,०००, पुढचे बदललेले आर्म ४२,०००, पुढचा-मागचा पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) २४,०००, ब्रेकच्या लांब नळ्या व बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर आदळू न देणारे रबर) १५,०००, मोठे पाच टायर ६२,०००, मजुरी व अलाइनमेंट १२,०००. एक फॅब्रिकेशनवाला जुनेच आर्म कापून-वेल्डिंग करून ९,००० मध्ये देतो म्हणतो. एफडी मोडून पूर्ण काम करू, की स्प्रिंग आणि हे ९,००० चे आर्म घालून लाखभरात भागवू? की पर्सनल लोन घेऊ?

उत्तर : एफडी मोडू नका, पर्सनल लोन घेऊ नका, आणि कापून जोडलेल्या आर्मचा विचार तर आजच सोडून द्या. या वर्षी लिफ्ट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण ‘हौसच तर आहे, टाळा’ एवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. कच्च्या वाटेवर गाडी नीट चालवणं हे कौशल्य आहे, तुमची ती खरी आवड आहे, आणि घरचा हिशोब इतका स्वच्छ मांडून पाठवणाऱ्या माणसाने आवडीवर खर्च जरूर करावा. प्रश्न आहे तो कशावर, कधी आणि कुठल्या पैशातून.

आधी कोटेशन उलगडू. तुम्ही आर्मकडे वेगळा खर्च म्हणून बघताय, म्हणून ४२,००० की ९,००० असा पेच पडलाय. जिमनीला पुढेही दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आहे. दोन बाजूंचे दोन आर्म तो धरून ठेवतात. प्रत्येक आर्म अ‍ॅक्सलला दोन बुशांनी घट्ट बसलेला असतो आणि मागच्या टोकाला एका बुशने चेसिसला अडकवलेला. गाडी दोन इंच वर गेली की आर्मचा उतार वाढतो, त्याच्याबरोबर अ‍ॅक्सलही थोडा फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. वळण घेऊन स्टिअरिंग सैल सोडलं की चाकं आपोआप सरळ होतात, ती कॅस्टरमुळे. तो कमी झाला की गाडी वेगात भरकटायला लागते, सतत सावरावी लागते. पॅनहार्ड रॉडची लांबी जुनीच राहिली तर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, ते आणखी वेगळं.

म्हणजे ८५,००० रुपये गाडी उचलायचे, आणि आर्म, रॉड, नळ्या यांचे मिळून ८१,००० हे उचलल्यामुळे बिघडलेली भूमिती परत जागेवर आणायचे. मजुरी धरली तर दोन इंच लिफ्टची खरी किंमत १,७८,००० आहे. टायर वेगळेच. दोन इंचांपर्यंत बरेच जण आर्म न बदलता ऑफसेट बुश, म्हणजे भोक मध्यापासून सरकवलेले बुश, घालून कॅस्टर सावरतात, ते बरंच स्वस्त पडतं. तुमच्या गॅरेजवाल्याने तो पर्याय का दिला नाही, हे विचारा. तरी बाकीचा खर्च टळत नाही.

लाखभरात भागवण्याचा पर्याय पूर्ण कामापेक्षाही महाग आहे, असं मी म्हणतो ते यामुळेच. त्यात गाडी उंच होते, पॅनहार्ड रॉड जुनाच राहतो, आणि ब्रेक दाबल्यावर ज्या भागावर सगळा जोर येतो तोच भाग कापून जोडलेला असतो. वेल्डिंगची उष्णता लागलेल्या ठिकाणी धातूचे गुण बदलतात; वरून जोड कितीही सुबक दिसला तरी आतून तडे जाण्याची शक्यता डोळ्यांनी कळत नाही. तुम्ही रोज धायरीहून निघता. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा, अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेला उतार तुम्हाला मी सांगायला नको. त्या उतारावर ट्रकच्या रांगेत, मागे मुलगी बसलेली असताना, ही गाडी चालवायची आहे. ३३,००० रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

आता लिफ्टने मिळतं काय? अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत स्प्रिंग उंच केल्याने बॉडी आणि चेसिस वर जाते, अ‍ॅक्सल नाही. डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या डब्याचा) खालचा भाग जमिनीपासून जिथे होता तिथेच राहतो. तो वर नेतो फक्त टायर. तुमच्या गाडीचं मूळ माप १९५/८० आर १५, म्हणजे व्यास साधारण ६९३ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ७०३ च्या आसपास, आणि डिफरन्शियल वर उचललं जातं त्याच्या निम्मं, म्हणजे पाच मिलिमीटर. लिफ्टचा फायदाच नाही असं मात्र म्हणणार नाही. पाच दरवाजांच्या जिमनीचा चाकांमधला पल्ला लांब, त्यामुळे ब्रेकओव्हर अँगल, म्हणजे पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन, २४ अंशच आहे. उंचवट्यावर पोट टेकतं ते यामुळे, आणि तिथे दोन इंच नक्की कामाला येतात. पण बंपर न घासता चढण्याचा पुढचा अँगल ३६ अंश आणि उतरण्याचा मागचा त्याहूनही जास्त आहे, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, वर लो रेंजचा गिअर आणि घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देणारी यंत्रणा. वेल्हे-भोरकडच्या वाटांवर अशी गाडी अडते ती बहुतेक वेळा टायरची पकड सुटल्याने किंवा चाकं चुकीच्या रेषेतून नेल्याने. तुमची गाडी आजवर नेमकी कुठे अडली, ते मित्रांबरोबर बसून आठवून पाहा. त्यातल्या किती ठिकाणी पोट टेकलं होतं, यावर तुमच्या १,७८,००० रुपयांचा निकाल आहे.

घरच्या आकड्यांकडे येतो. घरखर्च आणि दोन्ही हप्ते मिळून तुम्हाला महिन्याला १,०७,७०० रुपये लागतातच. सहा महिन्यांची सोय म्हणजे जवळजवळ साडेसहा लाख. तुमच्याकडे आहेत ३,२०,०००, म्हणजे तीन महिन्यांपेक्षा किंचित कमी. त्यातून २,४०,००० काढले की उरतात ८०,०००, म्हणजे बावीस दिवसांचा खर्च. भोसरीच्या कारखान्यांत ऑर्डर कमी झाल्या की आधी ओव्हरटाइम जातो, मग काय काय होतं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. पत्नीच्या पगारात एकटा घराचा हप्ताही भागत नाही. ही एफडी तुमच्या घराचा कणा आहे, तिला हात लावू नका.

पर्सनल लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ८,०९० च्या आसपास बसेल आणि व्याज सुमारे ५१,००० जाईल. सगळे खर्च, हप्ते आणि एसआयपी वजा जाता तुमच्याकडे महिन्याला १४,३०० उरतात. त्यातले निम्म्याहून जास्त तीन वर्षं अडकणार. शिवाय गाडीला लावलेल्या या सामानाचे विकताना पैसे सुटत नाहीत. जुनी गाडी घेणारा साधा माणूस बदललेल्या सस्पेन्शनकडे संशयानेच बघतो.

तिसरा मार्ग तुम्ही लिहिला नाहीत, पण तो मनात येतो म्हणून सांगतो : सोळा महिने एसआयपी थांबवली की बरोबर २,४०,००० जमतात. तो पैसा मुलीच्या अठराव्या वर्षापर्यंत गुंतलेला राहिला आणि दहा टक्क्यांनी वाढला, तर तेव्हा त्याचे सात लाखांच्या आसपास होतात. दहा टक्क्यांची हमी कुणी देत नाही, पण तिच्या कॉलेजच्या पैशातून गाडी उंच करू नये, एवढं मी आग्रहाने सांगेन.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कायदा आणि विम्याची, आणि कोटेशनमध्ये त्याची ओळच नसते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडक अर्थाने वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर लिफ्ट केलेल्या कितीतरी गाड्या दिसतात, हे मला माहीत आहे. पण कुणी अडवलं नाही, याचा अर्थ विमा कंपनी दावा मान्य करेल असा होत नाही. अपघात मोठा झाला की सर्व्हेअर गाडीखाली वाकतोच, आणि न कळवलेला बदल हे दावा नाकारायला पुरेसं कारण ठरू शकतं. समजा गाडी पूर्ण निकामी झाली आणि दावा फेटाळला गेला. तुमच्या हप्त्यावरून कर्ज साधारण ४,६०,००० बाकी असावं. गाडी गेली तरी ते फेडावं लागेल, दरमहा १७,२०० नेच. दुसऱ्या कुणाला इजा झाली तर भरपाईचा वाद मोटार अपघात न्यायाधिकरणात जाईल आणि वसुली तुमच्या दारात येऊ शकते. त्या रकमेला वरची मर्यादा नाही. कर्जाचा करारही काढून वाचा. गाडी बँकेकडे तारण आहे आणि परवानगीशिवाय बदल करू नये अशी अट त्यात असू शकते. आणखी एक : मित्रांची सहल वेगळी, स्पर्धा वेगळी. शर्यत किंवा वेगाची चाचणी नेहमीच्या खाजगी गाडीच्या पॉलिसीत बसत नाही.

मग करायचं काय? पहिलं काम गाडीचं नाहीच. घरकर्ज आणि गाडीकर्ज मिळून ३८,६०,००० होतात. तुमचा टर्म विमा ५० लाखांचा. तुमच्यामागे कर्ज फिटून पत्नी आणि मुलीच्या हातात ११,४०,००० राहतील, म्हणजे आजच्या ५२,००० च्या घरखर्चाने दोन वर्षंही नाहीत. आणखी एक कोटीचा टर्म विमा याच महिन्यात घ्या. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, तेव्हा स्वतःची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची एकत्र) पॉलिसीही हवी. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढा भार हलका. दोन्ही मिळून महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास बाजूला ठेवावे लागतील असं धरा. उरलेल्या १०,८०० मधले ७,००० आवर्ती ठेवीत टाका, एफडी पाच लाखांच्या वर जाईपर्यंत. बोनस आला की त्यातला अर्धाही तिकडेच. आणि राहिलेले ३,८०० गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात. ते पैसे पूर्णपणे तुमचे. त्यावर घरात कुणी प्रश्न विचारायचा नाही, आणि तुम्हीही त्याबाहेर गाडीवर हौसेचा खर्च करायचा नाही. बोनसचा उरलेला भाग त्यात घालायला माझी हरकत नाही.

त्या खात्यातून आधी घ्यायच्या वस्तू साध्या आहेत : चांगला हवेचा पंप आणि प्रेशर गेज, अडकलेली गाडी ओढून काढायचा पट्टा आणि तो अडकवायची कडी (शॅकल), फावडं, मग डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांच्याखालची संरक्षक पत्रं. चिखलात टायरची हवा कमी केली की पकड किती वाढते ते एका पावसाळ्यात कळेल. परत डांबरावर येण्याआधी हवा भरायला पंप सोबत हवाच. मूळ टायर झिजले की उत्पादकाने मान्य केलेल्या मापात जाड नक्षीचे घ्या. तो खर्च तसाही येणार होता. पुढच्या आर्मचे आणि पॅनहार्ड रॉडचे बुश तपासून घ्या, कच्च्या वाटांवर तेच आधी सैल होतात. ते मूळ प्रतीचे नवे बसवले की स्टिअरिंगचा बराच सैलपणा जातो आणि गाडी कायद्यातच राहते.

दरम्यान विमा कंपनीला एक ई-मेल पाठवा : सस्पेन्शनमध्ये अमुक बदल करायचा आहे, पॉलिसीत त्याची नोंद घ्याल का आणि अपघाताचा दावा मान्य राहील का? उत्तर लेखीच मागा, एजंटच्या तोंडी होकारावर जाऊ नका. आरटीओतही नोंदणीच्या दृष्टीने हाच प्रश्न लेखी विचारा. दोन्हीकडून होकार आला, एफडी पाच लाखांच्या पुढे गेली आणि गाडीच्या खात्यात १,७८,००० जमले, तर पूर्ण काम एकाच वेळी करा, तयार आर्म किंवा बुश घालून, आणि अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टरचा आकडा छापून घेऊन. एखाद्याकडून नकार आला तर हेच पैसे गाडीच्या कर्जात भरा, मुदतीआधी फेडल्याचा दंड किती ते बँकेत आधी विचारून.