अण्वस्त्रांच्या धाकामुळेच अमेरिका-रशिया युद्ध टळलं का?

प्रश्न असा आहे: "कम्युनिस्ट रशिया आणि लोकशाहीवादी अमेरिका चाळीसेक वर्षं एकमेकांच्या जिवावर उठले होते. दोघांकडे हजारो अणुबॉम्ब होते, तरी युद्ध झालं नाही. म्हणजे अण्वस्त्रांच्या धाकानेच शांतता राखली, असं म्हणायचं का?"

माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. धाकामुळे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह दोघंही ऐन वेळी सावध झाले, यात शंका नाही. पण धाक बसला होता तो वॉशिंग्टन आणि मॉस्कोत बसलेल्या माणसांना. अस्त्रं मात्र त्यांच्यापासून हजारो मैल लांब, थकलेल्या, घामाघूम झालेल्या आणि वरून काहीच कळत नसलेल्या अधिकाऱ्यांच्या हातात होती. त्यासाठी क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचातला शनिवार, २७ ऑक्टोबर १९६२ हा एक दिवस नीट पाहिला तरी पुरे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. अमेरिकेकडे त्या वेळी सुमारे पंचवीस हजार अण्वस्त्रं होती, सोव्हिएत संघाकडे तीन हजारांच्या आसपास. तुर्कस्तानात अमेरिकेची पंधरा अण्वस्त्रधारी ज्युपिटर क्षेपणास्त्रं रशियाकडे तोंड करून उभी होती. अमेरिकेच्या अगदी जवळच्या क्युबा बेटावरची कास्त्रोंची कम्युनिस्ट राजवट उलथवण्याचा अमेरिकेचा प्रयत्न एप्रिल १९६१ मध्ये फसला होता, पण तो पुन्हा होणार अशी भीती कायम होती. ख्रुश्चेव्हने या सगळ्यावर एकच उपाय काढला: क्युबात गुपचूप क्षेपणास्त्रं नेऊन ठेवायची. गुप्तता इतकी, की या मोहिमेला सैबेरियाच्या टोकाकडच्या अनादिर नदीचं नाव दिलं आणि उष्ण कटिबंधातल्या बेटावर निघालेल्या तुकड्यांबरोबर बर्फातले कपडे आणि स्की चढवल्या. अशा रीतीने चाळीस हजारांहून जास्त सोव्हिएत सैनिक क्युबात पोचले. अमेरिकेचा अंदाज याच्या फार खाली होता.

१४ ऑक्टोबरला यू-२ टेहळणी विमानाने फोटो काढले आणि १६ तारखेला ते केनेडींसमोर आले. पहिल्या दिवशी त्यांच्या सल्लागारांपैकी बहुतेकांचा कल हवाई हल्ल्याकडे होता, खुद्द केनेडींचासुद्धा. सहा दिवस बंद दाराआड खल झाला. त्यातून हल्ल्याऐवजी क्युबाभोवती नौदलाची नाकेबंदी पुढे आली आणि २२ तारखेला केनेडींनी टीव्हीवरून जगाला हे सांगितलं.

आता तो शनिवार.

अलास्कातून उत्तर ध्रुवाकडे गेलेलं एक यू-२ विमान सोव्हिएत अणुचाचण्यांनंतर हवेत उरलेले कण गोळा करायला निघालं होतं. वैमानिक चार्ल्स मॉल्ट्सबी ताऱ्यांवरून दिशा काढत होता, पण ध्रुवीय प्रकाशाने तारे दिसेनासे झाले आणि वाट चुकून तो थेट सोव्हिएत हद्दीत, सैबेरियाच्या पूर्व टोकाच्या चुकोत्कावर शिरला. त्याला गाठायला मिग विमानं उडाली. त्याला सोडवायला अलास्काहून अमेरिकेची एफ-१०२ लढाऊ विमानं निघाली आणि सज्जतेची पातळी वाढवलेली असल्यामुळे त्यांच्यावर अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं लावलेली होती. म्हणजे ती डागायची की नाही हे वरच्या कुणाच्याही हातात नव्हतं, कॉकपिटमधल्या वैमानिकाच्या हातात होतं. सुदैवाने मिग विमानांना मॉल्ट्सबीची उंची गाठता आली नाही. इंधन संपल्यावर तो तरंगत तरंगत कसाबसा अलास्कात उतरला. ख्रुश्चेव्हने दुसऱ्या दिवशीच्या पत्रात या घुसखोरीचा मुद्दाम उल्लेख केला: अशा वेळी असं विमान अणुबॉम्बवाहू विमान समजलं जाऊ शकतं, हे त्याचं म्हणणं अगदी रास्त होतं.

त्याच दिवशी क्युबावर दुसरं यू-२ पाडलं गेलं आणि मेजर रुडॉल्फ अँडरसन मारला गेला. हे विमान पाडण्याचा हुकूम मॉस्कोने दिलेला नव्हता. क्युबातले मुख्य सोव्हिएत सेनापती त्या घडीला सापडले नाहीत, म्हणून हाताखालच्या अधिकाऱ्यांनी निर्णय घेऊन टाकला. इकडे वॉशिंग्टनमध्ये आधीच ठरलं होतं की विमान पाडलं तर ते पाडणारा विमानविरोधी क्षेपणास्त्रतळ उडवायचा. ती वेळ आली तेव्हा केनेडींनी हात आवरला.

आणि तिसरी गोष्ट समुद्राखालची. बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी उत्तरेच्या थंड पाण्यासाठी बांधलेली, डिझेलवर चालणारी. तिच्यावर एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता, हे वर घिरट्या घालणाऱ्या अमेरिकन विनाशिकांना माहीतच नव्हतं. पाणबुडीने वर यावं म्हणून त्या सरावाचे छोटे स्फोटक गोळे टाकत होत्या. अशा इशाऱ्यांची पद्धत अमेरिकेने मॉस्कोला कळवली होती, पण ती बातमी पाणबुडीपर्यंत पोचली नाही. आतलं तापमान ४५ अंशांच्या वर, बॅटऱ्या संपत आलेल्या, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढलेला, माणसं चक्कर येऊन पडतायत, मॉस्कोशी संपर्क नाही. बाहेर स्फोटांवर स्फोट. पाणबुडीवरच्या वादिम ओर्लोव यांनी बऱ्याच वर्षांनी सांगितलं, की कॅप्टन वालेंतिन साव्हित्स्कीचा संयम सुटला. वर कदाचित युद्ध सुरूही झालं असेल असं म्हणत त्याने अणुटॉर्पेडो तयार करायला सांगितला. त्या पाणबुडीवर योगायोगाने वासिली आर्खिपोव होता. तो पाणबुड्यांच्या त्या तुकडीचा चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे कॅप्टनला समजावू शकेल अशा अधिकाराचा. त्याने आणि राजकीय अधिकाऱ्याने साव्हित्स्कीला शांत केलं आणि पाणबुडी वर आली. नेमकं कोण काय बोललं यावर बी-५९ वरच्या लोकांच्या आठवणी जुळत नाहीत, तेव्हा "एका माणसाने जग वाचवलं" असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बॉम्ब वापरण्याइतकी माणसं पिचलेली होती आणि त्यांना अडवायला वरचं कुणी नव्हतं, एवढं निश्चित आहे. आर्खिपोव आदल्याच वर्षी के-१९ या अणुपाणबुडीवर होता. तिच्या अणुभट्टीत बिघाड झाला आणि दुरुस्तीला गेलेली माणसं किरणोत्सर्गाने मेली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या दिवशी त्याच्या डोक्यात हे नसेल असं मला वाटत नाही.

याहून भयंकर गोष्ट पुढे तीस वर्षं अमेरिकेला कळली नाही. क्युबात मोठ्या क्षेपणास्त्रांखेरीज जवळच्या पल्ल्याची अण्वस्त्रंही होती, किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्यावर टाकण्यासाठी. १९६२ मध्ये संरक्षणमंत्री असलेल्या रॉबर्ट मॅक्नमारांना हे १९९२ मध्ये हवानाच्या परिषदेत समजलं आणि ते हादरून गेले. त्यांचे सेनापती ज्या आक्रमणाचा आग्रह धरत होते, ते झालं असतं तर उतरणारं सैन्य थेट अण्वस्त्रांच्या तोंडी गेलं असतं.

मग हे मिटलं कसं? शनिवारी संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रीनिन यांना भेटले. क्युबातली क्षेपणास्त्रं काढा, आम्ही क्युबावर हल्ला करणार नाही आणि काही महिन्यांत तुर्कस्तानातली ज्युपिटरही काढू, फक्त ही शेवटची गोष्ट कुठे बोलायची नाही. रविवारी सकाळी मॉस्को रेडिओवरून ख्रुश्चेव्हने माघार जाहीर केली. एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातली पंधराही क्षेपणास्त्रं निघाली.

ही लपवाछपवी मला सगळ्यात जास्त खटकते. बांधाच्या भांडणात दोघांनी एकेक पाऊल मागं घ्यावं आणि गावात मात्र एकानेच नांगी टाकली असं सांगत फिरावं, तसं झालं. अमेरिकेत एक अख्खी पिढी "दम दिला की रशिया नमतो" हे शिकली. ख्रुश्चेव्हला खरं सांगता येईना. दोन वर्षांनी त्याला पदावरून काढलं, तेव्हा क्युबाचं प्रकरण त्याच्याविरुद्धच्या आरोपांत होतंच. आणि सोव्हिएत सेनापतींनी घेतलेला धडा म्हणजे पुन्हा कधी कमी पडायचं नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोघांचा मिळून साठा साठ हजारांच्या वर गेला. ज्या देवाणघेवाणीने संकट मिटलं ती लपून राहिली आणि ज्या हटवादीपणाने ते जवळ आणलं त्याचा गौरव झाला.

तुमच्या प्रश्नात "कम्युनिस्ट" आणि "लोकशाहीवादी" असे दोन रकाने आहेत, त्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्याला हे जवळून भोगावं लागलंय. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध सगळ्यात कडक बोलणाऱ्यांत अमेरिकेचे अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन होते, आणि भारतविरोधी ठराव नकाराधिकार वापरून पाडला सोव्हिएत प्रतिनिधी वालेरियन झोरिन यांनी. लोकशाहीच्या बाजूने म्हणवणारा देश पोर्तुगालच्या सालाझारच्या हुकूमशाहीची पाठराखण करत होता, कारण पोर्तुगाल नाटो या अमेरिकेच्या लष्करी गटात होता. दहाच महिन्यांनी, २५ ऑक्टोबर १९६२ ला, हेच स्टीव्हन्सन आणि हेच झोरिन त्याच परिषदेत क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून आमनेसामने आले. आणि त्याच दिवशी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्राव्दा' या वृत्तपत्राने भारत-चीन युद्धात चीनची बाजू उचलून धरली! २० ऑक्टोबरला चीनने आपल्यावर हल्ला केलेला होता. क्युबाच्या पेचात ख्रुश्चेव्हला चीनची साथ हवी होती, त्यासाठी भारताची मैत्री त्याने बाजूला ठेवली. क्युबाचं मिटल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'प्राव्दा'चा सूर पुन्हा बदलला. यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले ते याच नोव्हेंबरात. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण शाळेत शिकतो, पण त्याच आठवड्यांत दूर कॅरिबियन समुद्रात काय चाललं होतं आणि त्याची किंमत आपण कशी मोजली, हे कुणी सांगत नाही.

लोकशाहीमुळे काही फरक पडला का? निर्णयाच्या वेळी फारसा नाही. तिकडे मूठभर, इकडे मूठभर. फरक नंतर पडला. केनेडींनी त्या बैठकांचं ध्वनिमुद्रण केलं होतं आणि आज ते कुणालाही ऐकता येतं. सेनापती अध्यक्षाला किती जोरात ढकलत होते, हे आपल्याला त्यामुळे कळतं. सोव्हिएत बाजूची कागदपत्रं तो देश कोसळल्यावरच थोडीफार बाहेर आली.

धाकापेक्षा मी जास्त श्रेय देतो ते त्यानंतर झालेल्या रुक्ष कामाला. संकटाच्या काळात दोब्रीनिन यांची सांकेतिक तार न्यायला वेस्टर्न युनियनचा एक पोरगा सायकलवर यायचा. तो वाटेत कुठे रेंगाळू नये एवढीच आशा करायची. ख्रुश्चेव्हचं २६ तारखेचं लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पोचायला जवळजवळ बारा तास गेले, म्हणून तर शेवटचा निरोप त्याने रेडिओवरून दिला. ऑगस्ट १९६३ मध्ये दोन राजधान्यांमध्ये थेट टेलिप्रिंटर लाइन सुरू झाली. लोकांना वाटतं तसा तो लाल टेलिफोन नव्हता. घाईत तोंडातून चुकीचा शब्द जाऊ नये म्हणून मुद्दामच लेखी निरोप ठेवले होते. त्याच महिन्यात वातावरणातल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या अणुचाचण्या थांबवण्याच्या करारावर सह्या झाल्या.

तरीही १९८३ उजाडलंच. २६ सप्टेंबरला सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं आणि ड्यूटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हने ती चुकीची सूचना आहे असं वर कळवलं. ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने यंत्रणा फसली होती. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडून २६९ माणसं मारली होती, म्हणजे वातावरण किती तापलेलं होतं ते पाहा.

म्हणून "धाकाने शांतता राखली" हे वाक्य कुणी भारत-पाकिस्तानला लावलं, की मला काळजी वाटते. केनेडींना फोटो पाहिल्यापासून निर्णय जाहीर करायला सहा दिवस मिळाले. आपल्याकडे क्षेपणास्त्राला सीमेपलीकडच्या शहरात पोचायला काही मिनिटं लागतात. दोन्ही देश १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरही त्यात खंड पडलेला नाही. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घेण्याआधी कळवायचा करारही २००५ पासून आहे. पेपरात त्या यादीच्या बातमीला आतल्या पानावर चार ओळी मिळतात. मी ती दरवर्षी शोधून वाचतो.