बुरशीवर करिअर उभं राहील का?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बुरशीच्या मदतीने प्रदूषण दूर करण्याच्या क्षेत्रातच जायचं म्हणते. यात नोकरी मिळेल का? – एक आई, इचलकरंजी

ताई,

‘बुरशीतज्ज्ञ हवेत’ अशी जाहिरात तिला क्वचितच दिसेल. तरीही तिला अडवू नका, कारण विषय भक्कम आहे. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरश्या लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) तोडायला जी एन्झाइम्स (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) सोडतात, ती फारशी चोखंदळ नसतात. कापडाचे रंग, कीटकनाशकं, डांबरातली संयुगं हीसुद्धा त्यांच्या तडाख्यात सापडतात. अशीच एक बुरशी डीडीटी आणि लिंडेन या कीटकनाशकांचंही विघटन करते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवलं. आपण खातो ती धिंगरी अळिंबीही याच गटातली.

मग हे सगळीकडे का वापरलं जात नाही? प्रयोगशाळेतली बुरशी उघड्या मातीत गेली की तिथल्या जिवाणूंपुढे टिकत नाही. शिसं, कॅडमियम यांचं विघटन होतच नाही. बुरशी ते फक्त स्वतःत साठवते. आणि पाण्याचा रंग गेला म्हणजे विषारीपणा गेला असं नाही, मधल्या टप्प्यावरची संयुगं तपासावीच लागतात. या अडचणींवर काम करणारी माणसं कमी आहेत. तुमच्या मुलीला संधी दिसते ती इथेच.

म्हणून तिने नुसतं बुरशी वाढवायला शिकून भागणार नाही. सांडपाण्याचं रसायनशास्त्र, सीओडी-बीओडीच्या (पाण्यातल्या प्रदूषणाचं प्रमाण सांगणाऱ्या) चाचण्या, एचपीएलसी (मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणारं तंत्र) हे हाताखालून गेलं पाहिजे. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी किंवा पर्यावरणशास्त्रात करावी. एवढ्या तयारीवर सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत, तपासणी प्रयोगशाळांत, पर्यावरण सल्लागारांकडे काम मिळू शकतं. संशोधनच करायचं असेल तर पीएच.डी.ला पर्याय नाही, आणि त्यासाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी. ती वर्षं लांबतात, घरच्यांनी तेवढा धीर धरायला हवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, पर्यावरण अभियांत्रिकीसाठी नागपूरची नीरी ही राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि तुमच्या जवळच्या शिवाजी विद्यापीठात कापडरंगांच्या जैविक विघटनावर काम झालेलं आहे.

तुमच्या गावात कापडाची प्रोसेस हाऊस (कापड रंगवण्याचे कारखाने) आहेत, हे तिचं मोठं भांडवल. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी धिंगरीचं पीक काढून झाल्यावर उरलेला, बुरशी भिनलेला भुसा घ्यावा आणि तो एखाद्या रंगाच्या द्रावणावर किती परिणाम करतो ते मोजावं. काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, प्राध्यापकांच्या देखरेखीखालीच व्हावं आणि त्या भुशावर पुन्हा अळिंबी उगवली तर ती कुणी खाऊ नये. यासाठी आधी एखाद्या ईटीपीवर (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) जाऊन तिथल्या केमिस्टशी ती बोलली, तर कोणता रंग निवडायचा हे तिला तिथेच कळेल.